उरलेला अर्धा ग्लास

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं त्या उन्हाळ्यात आमच्या घरातलं कुणी ना कुणी गावातल्या एका सोनोग्राफीवाल्या मॅडमकडं जायचं. मॅडम जेल आधी स्वतःच्या तळहातावर कोमट करून मग पेशंटला लावायच्या. न दिसलेलं दिसलं असं कधी म्हणायच्या नाहीत.

आईला मुतखडे पुन्हा पुन्हा व्हायचे, रक्तात कॅल्शियम वाढलेलं. कारण गळ्यातली डाळीएवढी एक ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती आणि ऑपरेशनआधी ती नेमकी कुठं आहे ते सर्जनला हवं होतं. मॅडमनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी ग्लासात ओतून दिलं. "मावशी, घोट घ्या अन् मी सांगितल्यावर गिळा."

"ऱ्हाऊ द्या बाई, तुमालाच लागंल," म्हणत आईनं कोरडंच गिळल्यासारखं केलं.

बराच वेळ शोधून मॅडम म्हणाल्या, "मला तर दिसत न्हाई. हैदराबादला स्कॅन करून या."

तिथं शिरेतून औषध दिल्यावर स्कॅनमध्ये ग्रंथी गळ्याखाली, छातीच्या हाडामागं चमकली. परत आल्यावर मॅडमनी आईला पुन्हा झोपवलं. "त्या दिवशी तुमी गिळलंच न्हाई, अन् मी तसंच सोडलं. चूक माझी हाय. आज पाणी घेतल्याबिगर मशीन लावणार न्हाई."

आईनं घोट घेतला. गिळताना मशीनच्या पडद्यावर हाडामागून एक काळा ठिपका वर सरकला.

"हीच," मॅडम हळूच म्हणाल्या.

आईनं उरलेला अर्धा ग्लास परत दिला. मॅडमनी तो ओतून टाकला नाही. तोंडाला लावून संपवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.