चौकात लागलेली लेक

लेक फौजेत भरती झाली तेव्हा मी कंपनीत पेढे वाटले. चाकणला आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच, गाड्यांच्या वायरी गुंफायचं काम. एकीने विचारलं, "ताई, पोरगी खरंच बंदूक चालवते का?" मी म्हटलं, "तुझा नवरा स्कूटर चालवतो त्यापेक्षा बरी चालवते." अभिमान तर इतका होता की कुठे ठेवू आणि कुठे नको. पण त्याच्या पोटातच भीती बसलेली होती आणि ती कुणाला दाखवायची सोय नव्हती. फौजीच्या आईने घाबरायचं नसतं, असं जो तो सांगत होता. ज्यांची मुलं आयटीत होती ते जरा जास्तच सांगत होते.

बंगळुरूचं ट्रेनिंग संपलं आणि तिला उत्तरेकडे कुठेतरी पोस्टिंग मिळालं. "पोचले की फोन करते, आई," एवढं बोलून ती गाडीत बसली. त्यानंतर फोन बंद. मला चैन पडेना. लाइनवर मोबाइल न्यायला बंदी, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी आधी लॉकरकडे पळायचे. डबा तसाच घरी परत यायचा. आमचे हे भोसरीला एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. "अगं, रेंज नसंल. उगं जिवाला घोर लावून घेऊ नको," म्हणायचे आणि कूस बदलून शांत झोपायचे. त्यांच्या त्या झोपेचा मला फार राग यायचा.

त्या दिवशी पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसने परत येत होते. खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा फोन बघत होते. काळेवाडीत आमच्या चौकात बस वळली आणि खांबावर नवा फ्लेक्स दिसला. त्यावर माझी लेक. वर्दीत, टोपी घातलेली, न हसणारी. मागे निळं आभाळ, पांढरे ढग, कडेने फुलं आणि खाली गल्लीतल्या पोरांचे छोटे छोटे फोटो. अक्षरं वाचायच्या आत बस पुढे गेली.

आमच्या चौकात पुरुषांचे फ्लेक्स कशालाही लागतात, अगदी नवी गाडी घेतली म्हणूनसुद्धा. बाईचा एवढा मोठा फोटो दोनदाच लागतो. ती निवडणुकीला उभी राहिली की, नाहीतर ती गेली की. ढग दोन्हीकडे तेच, फुलंही तीच. माझी लेक काही निवडणुकीला उभी नव्हती.

मी ओरडले नाही. उठले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, थांबवा." तो म्हणाला, "मावशी, स्टॉप पुढं हाय." मग माझं तोंड बघून त्याने बस थांबवली. डबा सीटवरच राहिला. मी रस्त्याच्या कडेने उलटी धावत सुटले. एकच गोष्ट डोक्यात होती, सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि मला कुणी सांगितलं नाही.

खांबाखाली हे उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, भोवती तीच फोटोतली पोरं. सगळे हसत होते. मी वर बघितलं. फोटोच्या मानाने अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'हार्दिक अभिनंदन'.

"कसा वाटला? मुद्दामच सांगितलं न्हवतं तुला," हे म्हणाले.

"काढा तो."

"का, काय झालं?"

"आधी काढा."

एवढ्या लोकांत, मला काय वाटलं ते जिभेवर आणवेना. घरी आल्यावर सांगितलं. हे पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवून आले. मग कॉटवर बसले आणि म्हणाले, "मला तरी कुठं झोप लागतीय. डोळं मिटून पडतो नुसता. वाटलं, पोरगी लांब गेली, निदान चौकात तरी दिसंल." त्यांच्यावरचा सगळा राग तिथेच उतरला.

दिवे लागायच्या सुमाराला लेकीचा फोन आला. पोचली होती. फ्लेक्सचं ऐकून हसली.

"पप्पांना बोलू नको. आणि काढायलाही लावू नको," ती म्हणाली. "आपल्या मागच्या गल्लीतली एकजण भरतीसाठी पळतेय. तिच्या घरचे नको म्हणतात. त्यांना दिसू दे."

सुट्टीच्या दिवशी मीच फ्लेक्सच्या दुकानात गेले. म्हटलं, "भाऊ, नवा करून द्या. फोटो लहान करा, ते ढग काढून टाका आणि अभिनंदन एवढं मोठं करा की चालत्या बसमधून वाचता आलं पाहिजे."

"काकू, शोभा जाईल," तो म्हणाला.

"जाऊ द्या."

आता बस चौकात वळायच्या आधीच ती लाल अक्षरं दिसतात. शेजारी बसणारी बाई रोज म्हणते, "बघ, तुझी लेक आली." मीही मान ताठ करून बघते. पण आधी अक्षरं वाचते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, रोज.