दादा आणि लोक वगळून

अर्जवाले तात्या तळोद्यात अर्ज लिहिण्यापेक्षा न लिहिण्याबद्दलच जास्त प्रसिद्ध होते. मामलेदार कचेरीसमोर चिंचेच्या पारावर त्यांची बैठक. माणूस येऊन बसला तरी दौतीचं झाकण उघडायचं नाही. "तुले काय पायजे, ते एक वाक्यमा सांग," एवढंच म्हणायचे. त्या वाक्यात बाप, भाऊ किंवा लोक आले, की "हाई त्यास्नं झायं. तुन्हं सांग," म्हणून त्याला पाराच्या पलीकडे बसवायचे. लोक चिडायचे, आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

एकदा प्रकाशा गावाकडचा एक शेतकरी सख्ख्या भावाविरुद्ध बांधाची तक्रार घेऊन आला. दोन वेळा पलीकडे बसून आल्यावर तो खरं काय ते बोलला. "भाऊनी पोरनं लगन कयं, मले साधं इचारंबी नही!" तात्यांनी अर्ज सोडून त्याच्या भावाला पोस्टकार्ड लिहून दिलं, आणि हातचं गिऱ्हाईक गेलं म्हणून दिवसभर कुरकुरत बसले.

मी त्यांच्यासमोर गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, राहत होते माहेरी. दादा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली होती, मानाची, घराजवळची. अर्ज लिहून घ्यायला तोच मला घेऊन आला.

"माय, तुले काय पायजे?"

"दादा म्हणतो…" मी सुरुवात केली. तात्यांनी मुकाट्यानं पलीकडे बोट दाखवलं.

चारचौघांत असं बसवल्याचा मला भयंकर राग आला. राग ओसरला तेव्हा ध्यानात आलं, की मला सांगण्यासारखं काही नाहीच. इतकी घाबरले मी! मग वहिनीचं बाळंतपण आठवलं. मूल आडवं आलं होतं, धुळ्याहून सुट्टीवर आलेल्या एका नर्सबाईनं दोघांना वाचवलं. मी नुसती तिच्या हाताखाली होते. पण नवरा गेल्यापासून त्या एकाच दिवशी मला आपण जिवंत आहोत असं वाटलं होतं.

मी उठून गेले. "मले नर्सबाईनं काम शिकनं शे."

दादा ताडकन उभा राहिला. "आपला घरनी बाई लोकेस्ना घर बाळतपन करी?"

तात्यांनी दौत उघडली. "तू तुन्हा अर्ज नंतर सांग. आते हिन्हा लिखस."

परतीच्या वाटेवर दादा दहा पावलं पुढेच चालत राहिला. महिनाभर बोलला नाही. धुळ्याच्या दवाखान्याचं पत्र आलं, तेव्हा मात्र माझी ट्रंक त्यानंच उचलली.

निघताना तात्यांच्या पाया पडले. ते तपकिरीची डबी चाळवत म्हणाले, "बाप बोलना लिखाले बठ, मी बठनू. मले सुतारकी करनी व्हती."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"तुलेच पहिलांदा सांगस."

साठी उलटलेला माणूस हे सांगत होता. मी पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला, आणि एवढंच केलं याची चुटपुट अजून आहे. दुसऱ्या वर्षी तापाच्या साथीत तात्या गेले. दादाचा निरोप आला तेव्हा मी एका अडलेल्या बाईपाशी होते. डोळे पुसले, आणि तिचं मूल हातात येईपर्यंत तिथून हलले नाही.