जतच्या वाटेवरचे पाच नारळ

साताऱ्याहून सकाळी आठला निघालो. मागच्या सीटवर आई, शेजारी वडिलांची घोंगडी, पायाशी पाच नारळ. नारळ जतला माझ्या भाचीच्या साखरपुड्यासाठी होते. गाडीही वडिलांचीच. तिच्यात दुसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन त्यांनी हौसेनं बसवून घेतलं आणि वर्षभरात ते गेले.

"चारच्या आत जतला पोचवलं न्हाई, तर सोमवारी भंगारात," आईनं बजावलं. भंगारवाल्याला निरोपही गेला होता. मला गाडी द्यायची नव्हती. पण आईपुढे तोंड उघडायची माझी छाती नाही.

कऱ्हाडच्या अलीकडे चहाला थांबलो. चहा बरा होता; गाडी सुरू होईना. मी प्लग पुसले, चहावाल्यानं पेट्रोलमध्ये कचरा असल्याचं जाहीर केलं, आईनं चाकापुढे नारळ फोडला. अर्ध्या तासानं इंजिन सुरू झालं. श्रेय नारळाला गेलं. पेठ नाक्यावर हेच सगळं पुन्हा झालं. खोबरं दोघांनीच खाल्लं.

आष्ट्यात उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगता रांगता ती तिसऱ्यांदा बंद पडली. समोरच मुल्लाचाचांचं गॅरेज होतं. आईनं नारळ उचलला.

"आवं काकी, दम धरा की," म्हणत चाचांनी बॉनेट उघडलं. "इंजिन दुसरं, पाइप जुनाच. सायलेन्सरला चिकटलाय. पेट्रोल पाइपातच उकळतंय. वाफ झाल्यावर पंप वढणार काय? अर्ध्या तासात गार हुतंय, मग आपसूक चालू."

"आन् त्यो अर्धा तास थांबवतंय कोण?" आई म्हणाली. "नारळच की!"

चाचांनी पंपावर ओलं फडकं टाकलं, पाइप लांबून वळवून घेतला. मग त्यावर गुंडाळायला जाड लोकर मागितली. "लोकर उष्णता आत सोडत न्हाई."

लोकर एकच होती. वडिलांनी ती घोंगडी जतच्या बाजारातून आणली होती. आई बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिली. मग तिनं चाचांची कात्री घेतली आणि काठ स्वतःच कापला.

मिरजेपुढे हिरवं संपलं. मेंढरं, ज्वारीची खोडं, पाण्याचे टँकर मागे पडत गेले. मी कुठं थांबलो नाही. साडेतीनला जत. सोयऱ्यांतल्या एका म्हाताऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन काढला. "भाळ बिसि" (फार गरम), ते कानडीत म्हणाले. इंजिन मात्र सुरू होतं. ते बंद करायला मला जरा वेळ लागला.

परतताना आष्ट्यात आईनं गाडी थांबवायला लावली. एक नारळ तिनं राखून ठेवला होता. तो फोडला नाही. चाचांच्या हातात दिला. इंजिन दुरुस्त झालं याचा मला आनंद होताच. वडिलांची हौस खुळी नव्हती, याचा जास्त झाला.

सोमवारी भंगारवाला दारात आला. आईनं त्याला चहा पाजला आणि न्हाणीतला गळका बंब देऊन वाटेला लावलं.