गिरजाबाईची कोंडी

आमच्या महापे गावच्या शेतात गिरजाबाई आली ती बहात्तरच्या दुष्काळानंतर. परभणीकडची. नवरा मारोती आमच्या गावाजवळच्या खदानीत कामाला होता, ती खडी फोडायची. धुळीनं खोकून खोकून बेजार झाली, तेव्हा माझ्या वहिनीकडे, बायजाबाईकडे, भाताच्या लावणीचं काम मागायला आली.

लावणीची सगळी टोळी वहिनीच्या हुकमातली. दादा मालक नावाचाच! लावणीत जिचा हात बसला, तिलाच वहिनी पुढं कापणीला बोलवायची. नाही बसला, तर गिरजाबाईला परत खदान. ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आता गंमत ऐका. बाई ज्वारीच्या मुलखातली. खुरपायला बसावं तशी ती रोपं लावत पुढं पुढं निघाली! लावलेलं सगळं तिच्याच पायाखाली. बाया चिखलात बसून हसल्या.

"अगो बाय, मागं सर, मागं! पुढं काय तुजं सासर हाय?" वहिनी ओरडली.

"आमच्याकडं उलटं चालत्यात ती भुतं, आक्का," गिरजाबाई म्हणाली. पण मागं सरायला लागली. चुकू नये म्हणून एकेक रोप असं जपून लावायची, जसं पोराला पाळण्यात निजवतेय. साहजिकच रेंगाळली.

आणि आमच्याकडची रीत अशी, की जी रेंगाळेल तिच्या चारी बाजूंनी बाकीच्यांनी भरभर रोपं लावून टाकायची. ती मधल्या चिखलात अडकते. रोपं तुडवायची नाहीत, नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय सुटका नाही. याला आम्ही कोंडणं म्हणतो.

गिरजाबाईनं मान वर केली, तर चहूकडं हिरवं. हातातली रोपांची मूठ तिनं खाली ठेवली. डोळे भरले.

"नगं असंल तर तोंडानं सांगा की. वाळीत कशाला टाकता? जाते म्या खदानीवर."

मी बांधावर रोपांच्या मुठी घेऊन उभा होतो, त्या फेकायचं थांबलो. वहिनी मात्र कमरेवर हात देऊन खो खो हसली.

"येडी का काय तू! परकीला कोन कोंडतो गो? परकी मागं राहिली तर राहू दे, आपलं काय जातं! कोंडतात ती घरची. चल, नाव घे!"

गिरजाबाईनं पदरानं डोळे पुसले. सगळ्यांकडं एकदा बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"जवारीचा मुलूख सुटला, भाताचं लागलं याड,
मारोतीरावांचं नाव घेते, वाट दे बायजा द्वाड!"

वहिनीला तोंडावर द्वाड म्हणायची आमच्या गावात कुणाची छाती नव्हती. बाया किंचाळल्याच! वहिनीनं स्वतः रोपं उपटून तिला वाट करून दिली. दुपारी गिरजाबाईचा ठेचा आणि आमच्या सुकटीची चटणी एकाच भाकरीवर बसली.

कापणीला तिचं बोलावणं सगळ्यात आधी गेलं. खदान सुटली ती सुटलीच.

पुढं वहिनीचे गुडघे धरले. एका लावणीला बघतो तर काय, वहिनी मध्ये उभी, चहूकडं हिरवं, आणि गिरजाबाई कमरेवर हात देऊन म्हणतेय, "घ्या नाव, आक्का!"

त्या दिवशी वहिनीच्या तोंडून मी दादाचं नाव पहिल्यांदा ऐकलं. दादा बांधावर बसला होता. टोपी तोंडावर ओढून घेतली बिचाऱ्यानं.