रुक्मिणीचा डोहाळा

"हौस विचारून येत नसते, पोरी," मला अक्षरं शिकवताना वडील म्हणाले होते. आज ते आठवलं.

मैत्रिणींनो, आपली ही फिरती वही तुमच्याकडे पोहोचण्याआधीच उमापुरात बोभाटा झालेला असेल. दुपारी शेजारच्या गंगाकाकूंच्या सुनेचं, रुक्मिणीचं, डोहाळजेवण होतं. ओटी भरताना काकूंनी रीतीप्रमाणे विचारलं, "बोल, कशाची हौस हाय? डोहाळा मागं ठिवू न्हाई."

रुक्मिणी म्हणाली, "मला पाटी पायजे. लिहायला शिकायचंय."

गाणं थांबलं. कुणीतरी हसलं, "अगं, चिंच माग!"

काकू लाल झाल्या. "लई शहाणी झालीस! निजामाच्या शाळेत बी पोरंच जात्यात. ही हौस न्हाई, खूळ हाय. कुणी भरवलं डोक्यात?"

साऱ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी मान खाली घातली, याची आता लाज वाटते. रुक्मिणीनं मात्र शब्द मागं घेतला नाही.

नथीची हौस, बांगड्यांची हौस आपण कौतुकानं सांगतो. मग हीच एक खूळ कशी?

काकू, ही वही तुमच्यासमोरही वाचली जाईल. बाळंतपणाला दोन महिने आहेत. तोवर तिला रोज दुपारी घटकाभर माझ्याकडे पाठवा. तुम्ही नाहीच म्हणणार, तरी मागते.