मोंढ्यापर्यंत

सून नातीच्या शाळेच्या कामासाठी मैद्याची खळ शिजवत होती. त्या वासाने मी नांदेडच्या आमच्या जुन्या युनियन ऑफिसात जाऊन पोचलो.

तिथे एका दुपारी बैठक होती. गिरणी, एसटी, वीज, बँक अशा सगळ्या संघटना देशपातळीवरच्या एका महासंघात जाणार होत्या. धान्याच्या मोंढ्यातल्या हमालांना सोबत घ्यायचं का, यावर हात वर करून मतं घेतली. त्यांना ना पगार, ना रजा, मग त्यांचा संप तो कसला, असं म्हणत बहुतेकांनी नको म्हटलं. मी एसटीचा चिटणीस. मला ते पटलं नव्हतं, तरी माझा हात मांडीवरच राहिला.

बाहेर हमालांचा पुढारी गफूरभाई आमच्याच पोस्टरांसाठी स्टोव्हवर खळ ढवळत होता.

"काय झालं, चिटणीस?"

"पुढच्या वेळी बघू म्हणाले."

"आन् तुमी काय म्हन्ले?"

मी वाकून स्टोव्ह बारीक केला. तो हसला. "चला, पोस्टरं घ्या. खळ घट्ट होऊन राहिली."

भिंतीभिंतीवर एकजुटीची पोस्टरं लावत आम्ही मोंढ्यापर्यंत गेलो. त्याने मनावर घेतलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. आता कळतं, तो वाटभर माझ्या उत्तरासाठी थांबला होता.

लोक मला सगळ्यांना एकत्र आणणारा म्हणतात. ते खोडून काढायला त्या खोलीतलं कुणी उरलेलं नाही.

मोंढ्याच्या फाटकाशी गफूरभाई म्हणाला, "जावा आता तुमी."

आत त्याची माणसं वाट पाहत बसली होती. त्यांना सांगायला तो एकटाच गेला.