रविवारी कात्री नाही

सोमवारी सकाळी पॉलिहाऊसचा पडदा सारून आत पाऊल टाकलं, की पहिल्यांदा अंगाला बिलगते ती ऊब. बाहेर मावळातलं माघाचं धुकं इतकं दाट, की चार हातांवरची विहीरसुद्धा दिसू नये. आणि आत मात्र ओल्या मातीचा, पानांचा कोंडलेला मंद वास, आणि डोळे जरा निवळले की लाल रंगाचा नुसता कल्लोळ! ओळीमागून ओळी, आणि ओळी-ओळीत पूर्ण उमललेले गुलाब. किती प्रसन्न दृश्य, म्हणाल तुम्ही. पण बाजाराच्या दृष्टीनं पाहाल, तर हा सारा सोहळा म्हणजे निव्वळ नुकसान. बाजाराला हवी असते घट्ट मिटलेली कळी. तिनं दूरच्या कुठल्या शहरात जावं, फुलदाणीत बसावं आणि मग सावकाश उमलावं. आमच्या कळ्यांना तेवढा दम निघत नाही. कारण आदला दिवस रविवारचा, आणि रविवारी आमच्याकडे कात्री चालत नाही.

आम्ही ख्रिस्ती. माझे सासरे नगरकडून लोणावळ्याला रेल्वेच्या नोकरीत आले, निवृत्त झाल्यावर टाकवे बुद्रुकच्या पुढे थोडी जमीन घेऊन भात करू लागले. रविवारी त्यांचा नांगर उभा असे. त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण भात मोठं समंजस पीक. एक दिवस थांब म्हटलं तर थांबतं. माझे पती शांतवन यांनी मात्र भातखाचरं सपाट करून पॉलिहाऊस उभं केलं, त्यात गुलाब लावला, आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. गुलाब कुणाचं ऐकत नाही. थंडीत एखादी कळी धीर धरते, उन्हाळ्यात तर एका दिवसात हातची जाते. पहिल्याच रविवारी सगळं रान फुलून गेलं, तेव्हा शेजारचे आबा कुंपणाशी येऊन म्हणाले, "भाऊ, देवानं गुलाबाला न्हाई सांगितलं व्हय रविवार पाळायला?" शांतवन हसले. "माणसालाच सांगितलं, आबा. गुलाबाला सांगितलं असतं, तर त्यानं आमच्यापेक्षा नीट पाळलं असतं!"

पाणी मात्र रविवारीही द्यायचं. तहानलेल्या जिवाला पाणी पाजायला कुठल्याच वाराची आडकाठी नाही, हे शांतवनांचं ठाम मत. पाणी द्यायचं, पडदे वर-खाली करायचे, पण कात्री खुंटीलाच. मग सोमवारी ती उमललेली फुलं काढून अंगणातल्या मोठ्या टपात ठेवायची, आणि ज्याला हवी त्यानं न्यायची. भैरवनाथाच्या पुजाऱ्याची बादली येते, बुद्धविहारातल्या मावशींची पिशवी येते. शाळेत जाणाऱ्या पोरी वेणीत खोचायला एकेक उचलतात. आणि कुणाच्या घरी मयत झालेली असली, तर टपच्या टप न बोलता उचलून जातो. एकदा आमच्या चर्चच्या पाळकांनी हळूच विचारलं, की आपली फुलं देवळात जातात हे बरं का? शांतवन म्हणाले, "पाऊस पाडताना देव कुणाचं शेत ते विचारत नाही. मी फुलं देताना कुणाला काय विचारू?" पाळक भले गृहस्थ. जाताना दोन फुलं त्यांनीही नेली.

तुम्हाला वाटेल, ही जुन्या वळणाची माणसं, बदलाच्या नावानं बोटं मोडणारी. छे हो! बदलाशी माझं मुळीच भांडण नाही. जन्मभर कामशेतच्या शाळेत मराठी शिकवली. दर वर्षी नवी मुलं, नवी खोडी, नवी भाषा. बदलाला नाक मुरडणारी बाई त्या वर्गात टिकली नसती. आमच्या लोणावळ्याच्या चर्चमधली पेटी गेली आणि कीबोर्ड आला, चटया गेल्या आणि खुर्च्या आल्या, शास्त्रवाचनाला तरुण मुलं खिशातून मोबाइल काढतात. मला त्याचं अणुमात्र दुःख नाही. उलट, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची ही देवाघरची देणगीच! अंगरखा बदलावा, माणूस तोच राहावा, एवढंच माझं मागणं. पण अंगरखा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे कोणी सांगायचं? गोम तिथेच आहे. आणि ही गोम एके दिवशी आमच्याच जेवणाच्या ताटाशी येऊन बसली.

आमची मुलगी सुवार्ता शेतकी शिकलेली. शांतवनांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून पॉलिहाऊस तीच पाहते, आणि बापापेक्षा चांगलं पाहते, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते. फेब्रुवारीतला तो प्रेमाचा दिवस जवळ आला, की गुलाबाला सोन्याचे दिवस येतात. वर्षभराचा जीव त्या दोन-तीन आठवड्यांत असतो. यंदा त्याच्या आधी पुण्याचा एक व्यापारी येऊन गेला. बोलायला मोठा गोड, चहा मागून घेणारा. फुलं पाहून खूश झाला. म्हणाला, हंगामाची सगळी फुलं घेतो, पुढच्या वर्षाचीही घेतो, अट एकच. तोडणी रोज, रविवार धरून. येत्या रविवारपासून सुरू करा, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल.

रात्रीच्या जेवणाला सुवार्तेनं विषय काढला. "बाबा, आजूबाजूच्या सगळ्यांची तोडणी रविवारी चालू असते. आणि आपल्या चर्चमधले तरी आता कोण पाळतं? कुणाचं हॉटेल आहे, कुणी बंगले भाड्यानं देतं, रविवारी तर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ते काय ख्रिस्ती नाहीत?" प्रश्न चोख होता. मी शांतवनांकडे पाहिलं. आता हे काहीतरी खणखणीत बोलतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "तू म्हणतेस ते खोटं नाही. पॉलिहाऊस तुझ्या हातात दिलंय, मग कात्रीही तुझ्याच हातात. तुझं तू बघ." आणि उठून हात धुवायला गेले.

असा संताप आला म्हणून सांगू मला! स्वयंपाकघरात त्यांना गाठून म्हटलं, "अहो, एकदा 'नाही' म्हणायला तुमचं काय जात होतं? तुमचा शब्द ती कधी मोडत नाही." त्यांनी मांडणीवरचं एक भांडं सरळ केलं. मग म्हणाले, "माझं 'नाही' मी आहे तोवर पुरेल. पुढे काय? धाकानं पाळलेला रविवार घेऊन देवानं तरी काय करायचं?" सवाल फुलांचा नव्हताच. लेकीनं आजवर पाळलेला रविवार तिचा होता, की नुसता बापाच्या मायेपोटी पाळलेला होता, हे आता उघड होणार होतं. आणि त्याचीच मला भीती होती.

रविवार उजाडला. सुवार्ता आधीच म्हणाली होती, की मी आज उपासनेला येत नाही, तोडणीला बायांना बोलावलंय. जादा मजुरी देणार होती. काही झालं तरी ती कुणाला फुकट राबवणारी नव्हे. हिराबाई, सखू, मालन, साऱ्याजणी धुक्यातून शाली गुंडाळून येताना दिसल्या, आणि आमची गाडी फाटकाबाहेर पडली. शांतवनांनी मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. धुक्यामुळे काहीच दिसलं नाही.

लोणावळ्याचा रविवार तुम्हाला ठाऊक असेलच! आम्ही देवाकडे निघालेलो आणि अर्धी मुंबई डोंगराकडे निघालेली. कार्ल्यापासून गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात माणसाचा सगळा सात्त्विकपणा पाझरून जातो. एका मोठ्या गाडीतल्या मुलानं काच खाली करून विचारलं, "काका, टायगर पॉइंटला कुठनं जायचं?" शांतवनांनी त्याला वळणं-वळणं समजावून सांगितलं, परत येताना घाटात जपून चालव असंही सांगितलं. मी धुसफुसत होते. यांना आज दुसऱ्याच्या लेकराला वाट दाखवण्याची शांतता कुठून आली? पण स्टिअरिंगवरची त्यांची बोटं मला दिसत होती. ती घट्ट आवळलेली होती.

उपासनेत माझं चित्त नव्हतं, हे कबूल करायला हरकत नाही. गाणी झाली, संदेश झाला. मी आपली मनातल्या मनात एकच घोकत होते, की देवा, फुलं जाऊ देत सगळी, पण पोर जाऊ देऊ नकोस. मोठी विद्वान प्रार्थना नव्हती ती. आईची होती.

परतताना गावाच्या अलीकडे रस्त्यावर हिराबाई दिसली. न्हालेले ओले केस पाठीवर मोकळे, अंगावर इस्त्रीचं लुगडं, बोटाला धरलेली नात. मी दचकले. हिनं तर आता आमच्याकडे असायला हवं होतं! गाडी थांबवून विचारलं, तर म्हणाली, "अवं बाई, ताईंनी माघारी लावलं की आमाला! सकाळी गेलतो समद्या. ताई कात्र्या घिऊन हुब्या. मला म्हणल्या, हिराबाई, रविवारी एरवी काय करता वो? मी म्हणलं, काय न्हाई करत, ताई. त्येच तर करती!" आणि ती पदर तोंडाला लावून खळखळून हसली. "बाकीचं समदे दिस कुनाचं ना कुनाचं काम. नवऱ्याचं, सुनंचं, तुमचं. ह्यो येकच दिस माजा. ताईंनी समद्यांच्या तोंडाकडं येक डाव बघितलं. मंग म्हणल्या, जावा घरी, मजुरी मिळंल. कात्र्या घिऊन गेल्या आत. ताईंना सांगूनच आता इंदुरीला बहिणीकडं निघालीया, ही पोर कवाधरनं मागं लागलीया."

गाडी सुरू करायचं शांतवनांना बराच वेळ सुचलं नाही. आणि मी, जिनं विसाव्याच्या दिवसाची ती बायबलातली आज्ञा लहानपणापासून शेकडो वेळा पाठ म्हटली, ती मनातल्या मनात तिचा शेवट पुन्हा म्हणून पाहत होते. विसावा एकट्या धन्याला कुठे सांगितलाय? त्याच्या दासदासींना सांगितलाय, त्याच्या बैलाला सांगितलाय, त्याच्या वेशीच्या आत राहणाऱ्या परक्याला सांगितलाय. किती थोर मनाची आज्ञा ही! आम्ही तिला आमच्या घराचं कुलूप समजत होतो, आणि हिराबाई इतकी वर्षं त्याच दारातून ये-जा करत होती. तिला ख्रिस्त ठाऊक नाही, ती आज्ञा आणणारा मोशे ठाऊक नाही. पण विसाव्याची गोडी तिला आमच्यापेक्षा कांकणभर जास्तच कळली होती. जग बदलतं म्हणजे नेमकं काय होतं? राबणाऱ्याची दमणूक काही बदलत नाही. मग तिच्यासाठी सांगितलेला शब्द तरी कशाला बदलावा?

घरी आलो, तर सुवार्ता ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. "उशीर झाला?" "कार्ल्याला गाड्या तुंबल्या होत्या." एवढंच. कधीकधी घरातली सर्वांत मोठी गोष्ट अशीच, तांदळातल्या खड्यांवरून नजर न उचलता पार पडते.

दिवेलागणीला व्यापाऱ्याचा फोन आला. ती बाहेरच्या खोलीत बोलत होती आणि आम्ही दोघं आत, कान देऊन, चोरासारखे. "नाही, आज तोडणी नाही केली... नाही हो, बाबांचं काही नाही यात. बाबांनी माझ्यावरच सोडलं होतं." मग जरा वेळ पलीकडचं बोलणं. मग तिचा आवाज, अगदी साधा, जसा एखाद्याला आपलं गाव सांगावं तसा: "मी ख्रिस्ती आहे, दादा. रविवार आमच्या देवाचा, आणि माझ्या बायांचा. सोमवारी पहाटेपासून जेवढी म्हणाल तेवढी फुलं देते." पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही. त्या व्यापाऱ्यानं मात्र हंगामाची फुलं दुसरीकडूनच घेतली. आमची नेहमीच्या बाजारात गेली, नेहमीच्या भावानं गेली. भाकरी पूर्वी मिळत होती, अजून मिळते.

त्या रविवारी रात्री जेवायला बसलो. आमच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना शांतवनच करतात. सासरे गेले त्या दिवसापासून कधी खंड नाही. त्यांनी हात जोडले, आणि मग सुवार्तेला म्हणाले, "आज तू कर." ती क्षणभर गोंधळली. मग डोळे मिटून तिनं अन्नाबद्दल आभार मानले, थंडीबद्दल मानले. आणि मग एकेक नाव घेत गेली. हिराबाईंना बहिणीकडून सुखरूप घरी आण, सखूच्या पाठीला आराम पडू दे, मालनच्या लेकाला परीक्षेत यश दे. एकही नाव गळलं नाही. प्रार्थना संपली आणि ती थांबली, 'आमेन'साठी.

शांतवनांचं 'आमेन' येईना. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. जोडलेल्या हातांवर टपटप पाणी पडत होतं. मग मीच दोघांच्या वतीनं मोठ्यानं 'आमेन' म्हटलं, आणि भात वाढायला घेतला.